ओट्यावर ऐकलेला पेपर

‘कृषीवल’ कधीपासून वाचता, असं आमच्या खारेपाटातल्या जुन्या माणसांना विचारलं की एकच उत्तर यायचं, “वाचला कवा? आयकला.” आजानं मला हेच सांगितलं, आजीच्या भावानंही हेच सांगितलं. अलिबागहून निघणारं हे पत्र आज दैनिक आहे. 1937 साली ते सुरू झालं तेव्हा साप्ताहिक होतं, आणि ज्यांच्यासाठी ते निघालं त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. वाचता न येणाऱ्यांसाठी पत्र काढावं असं कुणाला का वाटलं असेल, हे कळायला आधी खारेपाट कळायला हवा, आणि त्याच्याही आधी खोत.

वडखळहून अलिबागकडे निघालं आणि धरमतरचा पूल ओलांडला की डाव्या-उजव्या हाताला सपाट शेतं लागतात, तोच खारेपाट. पावसाळ्यात ती हिरवीगार दिसतात, पर्यटक गाडी थांबवून फोटो काढतात. ही जमीन खाडीतून माणसांनी उपसून काढलेली आहे हे त्यांना ठाऊक नसतं. भरतीच्या पाण्याची पातळी कित्येक ठिकाणी शेतापेक्षा वर असते. मधे मातीचा बांध, त्याला आम्ही बाहेरकाठा म्हणतो. बांधाला ठरावीक जागी लाकडी दारांच्या उघाड्या, ओहोटीला आतलं गोडं पाणी बाहेर जावं आणि भरतीला खारं पाणी आत येऊ नये म्हणून. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली की खारं पाणी शेतात शिरतं, आणि ती जमीन पुढची दोन-तीन वर्षं धड पीक देत नाही. म्हणून बांध राखायचं काम पूर्वी सगळं गाव मिळून करायचं. त्या रीतीला जोळ म्हणत. कुणी किती हात बांध घालायचा हे ठरलेलं असे. रात्री हाक आली की जेवणाच्या ताटावरून उठून माणसं चिखलात उतरत.

एवढं करून पिकवलेल्या भातातलं किती आपल्या कणगीत यायचं, ते खोत ठरवायचा. खोत हा मुळात सरकारसाठी गावाचा सारा गोळा करणारा मध्यस्थ. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या आणि तो गावाचा धनी होऊन बसला. जमीन कसणारा त्याचं कूळ. कुळाकडून कबुलायत लिहून घेतली जायची. लिहिणारा खोताचा माणूस, वाचून दाखवणाराही तोच, आणि खाली अंगठा आमच्या माणसाचा. ठरलेला मक्ता पीक आलं तरी द्यायचा आणि बुडालं तरी. राहिला की बाकी, बाकीवर व्याज. बांधावर लावलेल्या झाडावर, भातानंतर घेतलेल्या भाजीपाल्यावरही खोताचा हक्क. वर वेठ, म्हणजे बोलावणं आलं की स्वतःचं काम टाकून खोताच्या घरी राबायला जायचं. आजी जिताड्याची गोष्ट सांगायची. तिच्या वडलांच्या तळ्यात मोठा जिताडा मिळाला की घरातली पोरं आधी एकमेकांची तोंडं पाहायची, कारण तो कुठे जाणार हे त्यांना माहीत असायचं. “कालवन आमाला शेपटीचा,” असं ती म्हणायची. त्या वयातही तिच्या आवाजातला राग गेलेला नव्हता.

या सगळ्याला तोंड फोडलं नारायण नागू पाटलांनी. अलिबाग तालुक्यातल्याच शेतकरी घरातला हा माणूस. त्यांच्या खांद्याला खांदा लावून भाई अनंत चित्रे उभे राहिले. चित्रे 1927 च्या महाडच्या सत्याग्रहात बाबासाहेबांबरोबर होते, आणि महाड आमच्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातलं. डिसेंबर 1930 मध्ये पेण तालुक्यात शेतकऱ्यांची परिषद भरली. त्यानंतर नेत्यांवर भाषणबंदी आली. ती उठल्यावर 27 ऑक्टोबर 1933 रोजी चरी गावी मोठी सभा झाली आणि तिथे ठरलं, की योग्य वाटा मिळत नाही तोवर खोताची जमीन कसायची नाही. चरी, कोपर, शहाबाज, धेरंड, पेझारी, पोयनाड, श्रीगाव, वाघविरा, आंबेपूर, माणकुळे, गडब, मेढेखार अशी एकूण पंचवीस गावं त्यात होती. हा संप 1939 पर्यंत चालला. शेतकऱ्यांनी इतकी वर्षं नांगर खाली ठेवल्याचं दुसरं उदाहरण देशाच्या इतिहासात मला सापडलेलं नाही.

लोक संप म्हणतात आणि पुढे जातात. घरातल्या गोष्टींमधून मला जे कळलं ते असं. कारखान्यातल्या संपात मालकाचं यंत्र बंद पडतं. शेतीच्या संपात आपली चूल बंद पडते. आजा तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याच्या वडलांनी पहिल्या वर्षी बैल राखले, दुसऱ्या वर्षी एक विकला. बायका पहाटे डोंगरात जायच्या, लाकडाच्या मोळ्या बांधून पोयनाडच्या बाजारात विकायच्या, आणि मिळालेल्या पैशात कण्या घेऊन यायच्या. माणसं मिळेल त्या मजुरीला लांब जायची. पुरुषांनी सभेत हात वर केले, त्याची किंमत रोजच्या रोज बायकांनी चुकवली, आणि एकीनंही नवऱ्याला नांगर धर म्हटलं नाही, हे आजा आम्हाला पुन्हा पुन्हा सांगायचा. नेत्यांची नावं पुस्तकात आली. त्या बायकांची नावं त्यांच्या घराबाहेर कुणाला माहीत नाहीत.

ओस पडलेल्या शेतांचं वर्णन आजी करायची तेव्हा तिचा आवाज बदलायचा. शेत पडीक, बांधाकडे बघणारं कुणी नाही. उघाडीचं दार सडलं. एका उधाणाला पाणी आत आलं आणि परत गेलंच नाही. आपल्या पणजोबांनी उपसून काढलेली जमीन आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा खाडी होताना पाहायची आणि तरीही हात बांधून बसायचं, याला केवढी छाती लागली असेल!

या काळात बाहेरच्या जगाला यातलं काय कळत होतं? जिल्ह्यात पत्रं निघत होती. पण ती वाचणारा वर्ग वकिलांचा, कारकुनांचा, जमीनदारांचा, आणि लिहिणाराही त्यातलाच. मुंबईच्या पत्रांना चरी कुठे आहे हे नकाशात शोधावं लागलं असतं. त्यापेक्षा मोठी अडचण गावागावांतच होती. पंचवीस गावं, मधे खाड्या, चिखल, पावसाळ्यात वाट बंद. अमक्या गावानं खोताशी समेट केला, तमक्यानं गुपचूप पेरणी केली, अशा वावड्या उठायच्या. आजीचा भाऊ सांगायचा, की शहाबाजवाल्यांनी नांगर धरला अशी एकदा बातमी आली आणि त्यांच्या गावात रात्रभर कुणी झोपलं नाही. सकाळी दोन पोरं पळत शहाबाजला गेली, तिथली शेतं तशीच ओस पाहिली आणि पळत परत आली. संप उपासानं मोडला नसता, तो अशा एखाद्या अफवेनं मोडला असता. शेजारचं गाव अजून उभं आहे की नाही एवढी एकच बातमी शेतकऱ्याला हवी होती, आणि ती छापणारं पत्र नव्हतं.

लढणाऱ्यांनी स्वतःचं पत्र काढल्याची उदाहरणं मात्र होती. आयर्लंडमध्ये 1880 साली मेयो परगण्यात कुळांनी जमीनदाराचा कारभारी कॅप्टन बॉयकॉट याचं पीक कापायला नकार दिला, त्याच्या नावावरूनच बहिष्काराला जगभर शब्द मिळाला. पुढच्याच वर्षी, 1881 मध्ये, त्या चळवळीनं ‘युनायटेड आयर्लंड’ हे स्वतःचं साप्ताहिक काढलं आणि काही महिन्यांत सरकारला ते दडपावंसं वाटलं. आपल्याकडे मुकुंदराव पाटलांनी 1910 मध्ये सुरू केलेलं ‘दीनमित्र’ नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून चालवलं. खेड्यातून साप्ताहिक निघू शकतं आणि टिकू शकतं हे त्यांनी दाखवून दिलं होतं. त्याच्याही आधी 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी ‘दीनबंधु’ काढलं होतं. महाडच्या सत्याग्रहानंतर पंधरवड्याच्या आत, 3 एप्रिल 1927 ला, ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. ज्यांचं कुणी छापत नाही त्यांनी स्वतःचा छापखाना गाठायचा, ही वाट आधीच मळलेली होती. नारायण नागूंनी ‘कृषीवल’ काढून ती कुळांच्या दारापर्यंत आणली.

बाबासाहेब आंबेडकर डिसेंबर 1934 मध्ये चरीच्या शेतकरी परिषदेला आले होते. 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या निवडणुकीत तो मुंबई विधिमंडळात पोचला, आणि 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. ‘कृषीवल’ याच वर्षीचा. मला यात योगायोग दिसत नाही. विधिमंडळात आपल्याविषयी काय बोललं जातं आहे, हे शेतात बसलेल्या माणसाला सांगायला कुणीतरी हवं होतं. शेतातला माणूस काय म्हणतो आहे, हेही मुंबईला पोचवायला हवं होतं.

आता ओट्यावरचं वाचन. अंक पोयनाडपर्यंत यायचा. तिथून बाजाराला गेलेला कुणीतरी तो धोतराच्या घडीत घालून आणायचा, पावसाळ्यात इरल्याच्या आत छातीशी धरून. गावात वाचणारा एक, आजाचा थोरला भाऊ. चौथीपर्यंत शिकलेला. संध्याकाळी दिवा लागला की ओट्यावर माणसं जमायची, बायका आतल्या दारात बसायच्या. तो ओळीवर बोट ठेवून वाचायचा, जोडाक्षर आलं की थबकायचा, आणि त्या थबकण्यात कुणीतरी म्हातारं म्हणायचं, “पुन्ना वाच.” एक अंक आठवडाभर पुरायचा. बातमी संपली की चर्चा, चर्चा अडली की पुन्हा वाचन. तोपर्यंत पेपर फाटायला यायचा. मग तो शेजारच्या पाड्यावर जायचा.

आजाच्या आठवणीत लेख राहिलेले नव्हते. गावांची नावं मात्र राहिली होती. “आपला गाव पेपरान आलाय,” हे तो उच्चारायचा तेव्हा सत्तर वर्षांनंतरही त्याची मान ताठ व्हायची. ज्या गावाचं नाव तोवर फक्त साऱ्याच्या वहीत आणि कोर्टाच्या समन्सवर लिहिलं गेलं होतं, ते छापील अक्षरात, मान राखून, लढणाऱ्यांचं गाव म्हणून आलं होतं. मला वाटतं, या एका गोष्टीनं जे काम केलं ते दहा सभांनी झालं नसतं. सभेला गेलेला माणूस घरी येऊन सांगतो तेव्हा ऐकणारा म्हणतो, तू वाढवून सांगतोस. छापलेलं सगळ्यांना सारखंच. पोयनाडात तेच, माणकुळ्यात तेच. पंचवीस गावांनी एकच मजकूर ऐकला, आणि ती पंचवीस गावं एक झाली.

माझे मोठे काका पुढे अलिबागच्या एका छापखान्यात खिळे जुळवायचे. तो काळ संपानंतरचा, पण काम तेच होतं. देवनागरीला शेकडो खिळे लागतात, मात्रा वेगळ्या, जोडाक्षरं वेगळी. उभ्यानं दिवसभर केसमधल्या खणांतून एकेक खिळा उचलायचा, स्टिकमध्ये उलटा लावायचा, ओळ भरली की गॅलीत. बोटं शिशानं काळी. प्रूफ काढायचं, चुका काढायच्या, फर्मा बांधायचा, आणि पायानं ट्रेडल मारत एकेक कागद छापायचा. संपाच्या काळी छोट्या साप्ताहिकाच्या मागे वर्गणी थकण्याची भीती कायम असे. दुसरी भीती सरकारची. 1931 च्या छापखान्यांविषयीच्या कायद्यानं सरकारला पत्राकडून जामीन मागता येत होता, आणि मजकूर नावडला तर तो जामीन जप्त करता येत होता. काका एकदा म्हणाले, की लहान गावच्या पत्रात एक ओळ छापायला मोठ्या शहरातल्या अग्रलेखापेक्षा जास्त धैर्य लागतं, कारण ज्याच्याविरुद्ध छापलं तो दुसऱ्या दिवशी बाजारात समोरून येतो. हे मी पुढे पत्रकारितेवरच्या कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही.

जानेवारी 1938 मध्ये खोतीविरुद्ध हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कोकणातून माणसं समुद्रमार्गे आली. आजाचे वडील गेले होते की नाही यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आजा हो म्हणायचा, त्याची बहीण नाही म्हणायची. तिच्या मते भाड्याचे पैसे नव्हते, म्हणून ते रेवसच्या धक्क्यावरून परत आले. मला तिचं खरं वाटतं. पण मोर्चाची हकीकत दोघांनाही तोंडपाठ होती, आणि ती ओट्यावरून आलेली होती.

पुढे महसूलमंत्री मोरारजी देसाई चरीला आले. 1939 मध्ये मुंबई प्रांताचा कुळवहिवाट कायदा झाला, संरक्षित कूळ ही गोष्ट कायद्यात आली, आणि संप थांबला. बाबासाहेबांचं विधेयक तेव्हा मंजूर झालं नव्हतं. खोती कायद्यानं संपायला 1949 उजाडावं लागलं. त्याच्या आदल्या वर्षीच्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. म्हणजे चरीच्या सभेपासून सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव येईपर्यंत जवळपास चोवीस वर्षं. आजाच्या वडलांनी तो सातबारा पाहिला. त्यांना तो वाचता आला नाही, तो पुन्हा एकदा थोरल्या मुलाकडून ऐकला.

1947 मध्ये शेतकरी कामगार पक्ष स्थापन झाला. नारायण नागू त्यात गेले, कुलाबा जिल्हा त्या पक्षाचा बालेकिल्ला बनला, आणि ‘कृषीवल’ पक्षाचं पत्र म्हणून ओळखलं जाऊ लागलं. नारायण नागूंचे पुत्र प्रभाकर पाटील आणि दत्ता पाटील यांनी तो वारसा पुढे नेला. दत्ता पाटील विधानसभेत विरोधी पक्षनेते झाले. पत्र पुढे दैनिक झालं. 1 जानेवारी 1981 ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं.

इथे मला मनातलं स्पष्ट सांगायचं आहे. पत्राला बाजू असण्यात मी काही गैर मानत नाही. 1937 मध्ये तटस्थ राहणं म्हणजे खोताच्या बाजूनं राहणं होतं. पण संपाच्या काळातलं पत्र कुळांचं होतं, आणि सत्तेच्या जवळ गेलेल्या पक्षाचं पत्र होणं ही त्याहून वेगळी जबाबदारी आहे. आपल्याच माणसाचं चुकलं तेव्हा ते छापता येतं का, ही कुठल्याही चळवळीच्या पत्राची खरी परीक्षा, आणि ती देशभरात फार थोड्या पत्रांना पास होता आली. आमच्या गावात निवडणुकीच्या वेळी दोन घरांत दोन पेपर येऊ लागले, आणि ओट्यावर एकत्र बसून ऐकायचं थांबलं. रेडिओ आला, टीव्ही आला हे कारण आहेच. तरी आजा म्हणायचा, की आधी माणसं वेगळी बसायला लागली, टीव्ही नंतर आला. माझं मतही तेच आहे.

लढे मात्र संपले नाहीत. नवी मुंबईसाठी सिडकोनं घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात जानेवारी 1984 मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. पुढे महामुंबई सेझसाठी, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रासाठी, जमिनी घेण्याचं संकट आलं. प्रा. एन. डी. पाटलांसह अनेकांनी ते अंगावर घेतलं, आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत शेतकऱ्यांचं मत घेण्यात आलं. खेड्यातल्या माणसाला सरकारनं विचारलं, जमीन द्यायची आहे का? माझी आजी तेव्हा अंथरुणाला खिळलेली होती. तिला मी त्या दिवसाची बातमी वाचून दाखवली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “आमाला कोनी इचारला नवता.”

आज आमच्या भागातलं कुठलंही पत्र उघडा, आतल्या पानांवर बारीक अक्षरात जाहीर नोटिसा असतात. गाव अमुक, सर्वे नंबर तमुक, क्षेत्र इतके गुंठे, आमचे अशील खरेदी करीत आहेत, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावी. मी त्या नोटिसा वाचतो. गावांची नावं तीच असतात. संपात होती तीच, आणि विकणाऱ्यांची आडनावंही. एका पिढीनं बैल विकले पण जमीन सोडली नाही. तिच्या नातवंडांची जमीन फार्महाऊससाठी जाते, आणि हरकत घ्यायला चौदा दिवसांत कुणी येत नाही. विकणाऱ्याला मी दोष देत नाही. बांध फुटतात, खांडी बुजवायला जोळ उरलेली नाही, भाताला भाव नाही, पोरं जेएसडब्ल्यूच्या किंवा आरसीएफच्या गेटवर कंत्राटी कामाला उभी असतात. पण ही जमीन कशी मिळाली हे त्या पोरांना सांगणारं कुणी घरात राहिलेलं नाही, याचा मला त्रास होतो. त्यांच्या शाळेच्या पुस्तकात फ्रेंच राज्यक्रांती असते. पाच-सात किलोमीटरवरच्या चरीत काय झालं ते नसतं.

नारायण नागूंनी ‘कथा एका संघर्षाची’ हे आत्मचरित्र लिहून ठेवलं, म्हणून पुढाऱ्याच्या बाजूनं हा इतिहास आपल्यापाशी आहे. दर 27 ऑक्टोबरला चरीत स्मृतिदिन होतो, भाषणं होतात. पण ज्यांनी तो पेपर ऐकला त्यांची बाजू कागदावर फार थोडी आहे. माझा आजा गेला, आजी गेली, तिचा भाऊही गेला. त्या ओट्यावर मुलं म्हणून बसलेली माणसं आज असतील तर नव्वदीच्या पुढे असतील. त्यांच्याकडे आता वर्षं फार नाहीत.

म्हणून खारेपाटातल्या, आणि इथून मुंबई-पनवेलला जाऊन स्थायिक झालेल्या वाचकांना माझी विनंती आहे. गणपतीला गावी जाल तेव्हा घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसापाशी बसा आणि फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. खोताचं घर कुठं होतं, मोळी कितीला विकली, पेपर कोण वाचायचं, एवढं विचारलं तरी पुढचं ते आपणहून सांगतील. माळ्यावर, पेटीच्या तळाला, फळीवर अंथरलेला साप्ताहिक ‘कृषीवल’चा एखादा जुना अंक, कबुलायतीचा कागद, संपाच्या सभेचं हस्तपत्रक सापडलं तर ते रद्दीत घालू नका. त्याची घडी मोडू नका, चिकटपट्टी लावू नका, फोटो काढा, आणि मूळ कागद अलिबागच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात नेऊन, पावती घेऊन द्या. या गणपतीतच करा.